पाहुण्यांच्या फटफटीतला कापूस

सात रस्ता, सोलापूर
बुधवार

तीर्थस्वरूप सोजरआक्कास धोंडीरामचा दंडवत. गुडघ्याला एरंडेल लावतेस ना? म्हैस दूध देऊ लागली की अजून लाथाच देते? आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे तब्येतीने. पुढचे वाचून तू मला शिव्या देशील, म्हणून गुडघ्याचे आधी विचारून घेतले.

आमच्या वच्छीला बघायला तू तुमच्या होटगीचे स्थळ पाठवलेस. मुलगा महिपती आणि त्याचा चुलता तात्याबा गेल्या मंगळवारी आले. बैलगाडीने येतील म्हणून मी वैरण काढून ठेवली होती, तर आले फटफटीवर! (हिला स्कूटर म्हणतात. बसायला एक गादी, पायाखाली एक फळी. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाकडून घेतलेली.) मागे तात्याबा पुतण्याला घट्ट मिठी मारून बसलेले, फेट्याचा शेमला वाऱ्यावर. आमच्या दाराशी येताच ती दोनदा खोकली आणि गप्प झाली.

आता पाहुण्यांना पाय धुवायला पाणी द्यायचे, आत घ्यायचे. पण आक्का, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. बंद पडलेली वस्तू कशाने बंद पडली हे कळेपर्यंत मला घास गोड लागत नाही. (भिंतीवरच्या घड्याळाचा विषय काढू नकोस. ते अजून सुपात आहे.) महिपती म्हणाला, "कार्बोरेटर तुंबला असंल." मी म्हणालो, "त्यो कुटं असतो?" झाले! मुलगी बघायला आलेला मुलगा रस्त्यावर उकिडवा बसला आणि मुलीचा बाप त्याच्या शेजारी. आत शिरा निवत होता आणि तुझी भावजय केराबाई दारातून डोळे वटारत होती, पण मी तिकडे बघितलेच नाही.

काय युक्ती असते म्हणून सांगू! एका पितळी वाटीत पेट्रोल साठते. त्यात एक पोकळ डबी तरंगते. पेट्रोल पुरेसे झाले की ती आपली आपण वर येऊन दार लावून घेते. (कुणी न सांगता! आपल्या घरात इतके शहाणे कोण आहे?) मग सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पेट्रोल उडते आणि वाऱ्यात मिसळते. ते भोकच बुजले होते. महिपतीने फुंकले, मी फुंकले, तात्याबांनी फुंकले (त्यांच्या तोंडात तंबाखू होती, तो प्रसंग सोडतो). मग मला आमचा स्टोव्ह आठवला. त्याचेही असेच बुजते. मी आत हाक मारली, "वच्छे, स्टोची पिन आण!"

खाली मान घालून शिऱ्याच्या बश्या आणायची ती पोर पिन घेऊन धावत आली आणि आत जायचे सोडून तिथेच वाकून बघत राहिली. (ही खोड तिला कुठून लागली कोण जाणे.) भोकातून पांढरा कापूस निघाला. वच्छीने सरळ मुलालाच विचारले, "ह्यात कापूस कसा गेला?" तो बोलायच्या आत तात्याबा म्हणाले, "आमच्या घरात पानी बी गाळून, ताक बी गाळून. मग पेट्रोल काय तसंच घालायचं व्हय? नवा पंचा घेतलाय की त्येच्यासाठी." नव्या पंचाची लव ती! वच्छी खदखदून हसली. मोठ्या माणसासमोर!

गाडी सुरू झाली. तोवर दिवस कलला होता, म्हणून दोघे तसेच गेले. मुलीला एक प्रश्न विचारला नाही, शिरा तसाच राहिला. आठ दिवस झाले, होटगीहून निरोप नाही. केराबाई माझ्याशी बोलत नाही. आक्का, थट्टा सोडून सांगतो, माझ्या नसत्या चौकशीपायी पोरीचे सोन्यासारखे स्थळ मोडले तर मला फार लागेल. एवढे कर, त्यांच्याकडे ताकाच्या निमित्ताने जा आणि हळूच कानोसा घे.

गुडघा जपून चाल, आणि राग आलाच तर निम्मा ठेव, निम्मा म्हशीवर काढ.

तुझा
धोंडीराम

ता. क. पत्र टाकायला निघालो तोच महिपती आला, एकटाच. नव्या पेठेत काम होते म्हणाला. गाडी बरोबर आमच्याच दारात बंद पडली. पुन्हा कापूस! पंचाने गाळणे केव्हाच सोडले म्हणतो. मग हा आला कुठून? आणि नवल म्हणजे मी पिन मागायला तोंड उघडतो तर वच्छी आधीच पिन घेऊन उंबऱ्यात उभी.

आणखी ता. क. कापसाचे कोडे केराबाईला घातले. आठ दिवसांनी बोलली. म्हणाली, "ती पिन आता तुमच्या डोक्यात मारा, म्हंजी उजेड पडंल." पडला. तेव्हा कानोसा राहू दे, सरळ मुहूर्ताचेच बोल. फक्त मला सारे कळले आहे हे महिपतीला सांगू नकोस. मग तो कापूस घालायचा बंद करील, आणि त्या फटफटीचे इंजिन मला अजून उघडून बघायचे आहे.