अर्ध्या तासाचा भोपळा

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ७.१०

ठरलं. रविवारच्या जेवणात एक पदार्थ मी करणार. एकट्याने. ओव्हनमध्ये भाजलेला भोपळा आणि सफरचंद.

कारण नोंदवून ठेवतो. बायकोला तिच्या कंपनीने सहा महिन्यांसाठी दुसऱ्या शहरातल्या शाखेत बोलावलंय. मोठी पोस्ट आहे. आठवड्याभरात हो-नाही कळवायचंय. काल म्हणाली, मी गेले तर तुम्ही खाणार काय? मी म्हटलं, खुशाल जा, माझं काय अडतंय! ती हसली. हसण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक. मग म्हणाली, रविवारी ताई आणि भावोजी जेवायला येतायत, एखादी साधी साइड डिश करून दाखवा, म्हणजे मी निश्चिंत.

भावोजी म्हणजे माझे साडू. त्यांना सूप येतं. गेलं वर्षभर तेवढंच सांगतायत.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

रेसिपी मिळाली. भोपळा, सफरचंद, लोणी, दालचिनी. चार वस्तू, वेळ अर्धा तास. एवढ्यासाठी बायका दिवसभर स्वयंपाकघरात काय करतात, हा प्रश्न मनातच ठेवला.

तीन किलोचा भोपळा आणला. भाजीवाली म्हणाली, दोघांना छोटा पुरे. छोटे नवशिके घेतात.

ओव्हनचं माहितीपत्रक बायकोने टेबलावर काढून ठेवलंय. मी कपाटात परत ठेवलं. अठरा वर्षं मी मिक्सरची आणि वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं लिहितोय. त्यात काय असतं ते मला विचारा. काही नसतं.

बुधवार, ८ ऑक्टोबर. संध्याकाळी

रंगीत तालीम. सुरी भोपळ्यात अर्धी गेली. मग पुढेही जाईना, मागेही येईना. बायको म्हणाली, देऊ का कापून? स्पष्ट नकार दिला.

पाऊण तासाने खालच्या मजल्यावरच्या सुताराला बोलावलं. त्याने करवतीने दोन भाग केले. जाताना विचारून गेला, लाकूड कुठलं आहे म्हणून. आगाऊ माणूस.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

काल भाजलेलं आज खाल्लं. सफरचंदाचा लगदा झाला होता आणि भोपळा कच्चा. चव उत्तम. चावता येत नव्हतं इतकंच.

जेवताना ही फोनवर तिथल्या घराचे फोटो बघत होती. एक खोली, छोटी बाल्कनी. मलाही दाखवले. मी म्हटलं, वा, उजेड छान आहे. नंतर भांडी घासताना एकदम ट्यूब पेटली. पदार्थ जमला तर ही जाणार. नाही जमला तर साडू जन्मभर सूप ऐकवणार. चांगलाच कात्रीत सापडलोय. आणि कात्री माझीच.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

तोडगा सापडला. पदार्थ किंचित बिघडवायचा. मीठ दोन चिमटी जास्त. अब्रूही राहील, बायकोही राहील.

दुपारी ऑफिसात विचार बदलला. बिघडवून आपलं नाव खराब करायचं? हात धजणार नाही माझा.

संध्याकाळी ही चहा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. उठली, परत येऊन बसली. काही बोलायचंय का, असं विचारलंन. मी म्हटलं, हो, भोपळ्याच्या फोडी दीड सेंटीमीटरच्या कराव्यात की दोन? कप उचलून आत निघून गेली. तिलाही माहीत नसावं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

ती जायला नको आहे मला. लिहून टाकलं. आज एवढंच.

रविवार, १२ ऑक्टोबर. ११.५०

ट्रे आत. फोडी एकसारख्या, पट्टीने मोजून. घरभर दालचिनीचा वास. ताई आल्या आल्या म्हणाल्या, अगं बाई, काय घमघमाट! साडू गप्प. बोला की आता.

१२.१५

थोडं लोणी ओव्हनच्या तळाला सांडलंय. किरकोळ धूर. ओव्हनवर 'क्लीन' असं बटण आहे. दाबलं. शिजता शिजता सफाई, काय सोय केलीय! आतून खट्ट आवाज आला.

१२.३५

दार उघडत नाही.

दुपारी ४.४५

समजलेली माहिती अशी. ते बटण ओव्हन रिकामा असतानाच दाबायचं. मग दार कुलूपबंद होतं, आच दुप्पट वाढते, आत असेल त्याची राख होते, आणि चार तास दार उघडत नाही. सुरक्षेसाठी. संदर्भ : माहितीपत्रक, पान चार, चौकटीत, ठळक अक्षरांत. साडूंनी मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

मग त्यांनी मेन स्विच बंद केला. घरातले दिवे गेले, फ्रिज गेला, दार तसंच. आम्ही चौघं टॉर्च घेऊन काचेतून बघत उभे. आधी सफरचंदं काळी पडली, मग भोपळा.

ताई म्हणाल्या, हे ह्यांनी मुद्दाम केलंय, तू जाऊ नयेस म्हणून. सगळे माझ्याकडे बघायला लागले. क्षणभर वाटलं, हो म्हणावं. मूर्ख ठरण्यापेक्षा लबाड बरा. तेवढ्यात बायको म्हणाली, छे गं ताई, एवढं डोकं कुठलं ह्यांना? खरंच चुकले असणार. किती विश्वास आहे तिचा माझ्यावर!

साडूंनी सूप केलं. वाईट नव्हतं. मी तीन वाट्या घेतल्या.

सोमवार, १३ ऑक्टोबर. सकाळी ८.००

झालं ते बरंच झालं. आता तिला जाता येणारच नाही, नवरा उपाशी मरेल. चहा घेताना तिला तसं समजावून सांगितलं. 'नाही' कळवून टाक म्हटलं, मला वाईट वाटणार नाही.

ती म्हणाली, 'हो' कळवून झालं. शुक्रवारीच, संध्याकाळी.

मी म्हटलं, मग रविवारचा एवढा खटाटोप कशाला? म्हणाली, खटाटोप तुम्ही केलात. मी शुक्रवारी दोनदा येऊन बसले होते तुमच्याजवळ. एकदा नुसतं 'नको जाऊस' म्हणाला असतात, तर विचार केला असता.

विचारलं, आता म्हणू का?

म्हणाली, म्हणा.

म्हटलं. खात्रीसाठी परत एकदा म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं. पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, कपाटावरची मोठी बॅग तेवढी काढून द्या.

काढून दिली. धूळ पुसली. एक चाक अडकत होतं, त्यात तेल घातलं. आता छान पळते.