वक्ता क्रमांक दोन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. संध्या. ७.१०. डहाणू रोड, खोलीवर.
कंपनी मलावीत सर्व्हिस सेंटर काढते आहे. दोन वर्षांसाठी एक कॅलिब्रेशन इंजिनियर पाठवणार. उमेदवार दोन, मी आणि धनेश. म्हणजे प्रत्यक्षात एकच.
लॅबमध्ये दाबमापकं तपासायला लागून मला चार वर्षं झाली. माझ्या हातून गेलेला एकही गेज परत आलेला नाही. धनेशचे अकरा आले. हा आकडा त्याला सांगितला तर म्हणाला, "परत आले म्हणजे रस्ता ओळखतात." तो वरोरचा, किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावचा. डबा उघडला की सगळ्या लॅबला कळतं.
एच.आर.च्या निर्मला मॅडमनी अट घातली आहे: जाण्याआधी तिकडची संस्कृती समजून घ्या. हायवेपलीकडच्या कॉलेजात मलावीचे दोन विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने एकाच्या तीन मुलाखती घ्यायच्या आणि अहवाल द्यायचा. अहवालाच्या प्रत्येक पानावर विद्यार्थ्याची सही हवी. मला थोको बांडा, फार्मसी, तिसरं वर्ष. धनेशच्या वाट्याला गिफ्ट नावाचा मुलगा. हे माणसाचं नाव आहे की दिवाळीचा बोनस?
अर्ज भरून आले. पत्ता डहाणू रोडचा दिला. पाड्याचं नाव चौकटीत बसत नव्हतं (चार अक्षरं). वडिलांचा व्यवसाय: शेती क्षेत्र (माजी).
संस्कृती ही मोजण्याची गोष्ट आहे. प्रश्न नेमके हवेत. ११२ काढले.

९ नोव्हेंबर, रविवार. दु. १.३०
पहिली मुलाखत. स्टेशनजवळचं स्नॅक्स सेंटर. थोको चार मिनिटं लवकर आली. हे अपेक्षित नव्हतं, नोंदवलं नाही.
प्रश्न १ ते ३४ झाले. पर्जन्यमान विचारलं, माहीत नाही. मुख्य पिकांची टक्केवारी, माहीत नाही. लोकसंख्या विचारली तर म्हणाली, मी निघाले तेव्हा एकाने कमी झाली. स्वतःच हसली. निरीक्षण: मलावीचे लोक अचूकतेविषयी उदासीन असतात. नमुना लहान आहे, पण एकसारखा आहे.
मध्येच तिने उलट विचारायला सुरुवात केली. तुझी आई काय करते, घरी काय जेवता. घरी कोण कोण, हेही विचारलं. हे विषयपत्रिकेत नाही असं सांगितलं. तरी मागे लागली म्हणून 'सँडविच' म्हटलं. रोज? बहुतेक. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. टक लावून बघणं तिकडे शिष्टसंमत असावं. लिहून घेतलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
धनेशने त्याची पहिली मुलाखत 'घेतली'. गिफ्टला थेट वरोरला नेलं. ना रेकॉर्डर, ना प्रश्नावली. काय विचारलंस, असं विचारलं तर म्हणाला, "जाळं ओढता येतं का, ते विचारलं." मग? "मग काय, ओढलं." तिकडच्या तळ्यात असेच बारके मासे असतात आणि तेही वाळवतात, एवढं म्हणे कळलं. गिफ्ट रात्री तिथेच राहिला. धनेशच्या आईने जाताना त्याला सुकटीची पिशवी दिली.
ही संशोधनपद्धती! मला वाईट वाटतं ते कंपनीचं.

१६ नोव्हेंबर, रविवार. दु. २.००
दुसरी मुलाखत. प्रश्न ३५ ते ९०. उत्तरं त्रोटक. प्रश्न ७१, विवाहपद्धतीचं सविस्तर वर्णन करा. उत्तर: "चर्च." एक शब्द. पुन्हा विचारलं. "चर्च आणि केक."
माहिती दडवते आहे. मी वाचलं आहे, तिकडे काही भागांत नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. इतकी मागास प्रथा कोण सहजासहजी कबूल करेल? तिसऱ्या मुलाखतीत काढून घ्यायचं.
पण तिने अट घातली. तिसरी मुलाखत तुझ्या घरी. माझी खोली इथून सात मिनिटांवर आहे, म्हटलं. तर म्हणाली, खोली नाही, घर. सह्या तिच्या हातात आहेत. हो म्हणावं लागलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आईला फोन. सूचना दिल्या: कमी बोलायचं. पाहुणीला जमिनीवर बसवायचं नाही. कोंबड्या पलीकडे ठेवायच्या. भाकरी करू नकोस, दिपकला तलासरीहून ब्रेड आणायला सांग. (दिपक, धाकटा भाऊ. ब्रेड आणणं त्याच्या आवाक्यातलं आहे.)
आई म्हणाली, "एवढ्या लांबून येते नि ब्रेड कशाला? आजारी हाय का ती?"
नाही म्हटलं.
"मग कोंबड्यांना तरी काय झालं?"
चर्चा थांबवली. मी पाचवीपासून वसतिगृहात राहिले, त्याचा एक फायदा हा की मला घरचं वळण नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्या. ६.००
तिसरी मुलाखत. तलासरीहून जीपने पाड्यावर. पोचताच थोको अंगणात जमिनीवर बसली. खुर्ची दाखवली. तिने खुर्चीवर पर्स ठेवली.
आईने नागलीच्या भाकऱ्या केल्याच होत्या. थोकोने तीन खाल्ल्या, सुकटीच्या चटणीशी. ब्रेड दिपकने खाल्ला. थोको तीन वर्षांत बाजारात हिंदी-मराठी शिकली आहे, व्याकरण शून्य. आईचं हिंदी त्याहून खालचं. दोघींचं बरं जमलं. आई तिला ठकू म्हणते.
रेकॉर्डर खाटेवर ठेवून सुरू केला. प्रश्न ९१ विचारणार तेवढ्यात निर्मला मॅडमचा मेसेज अर्धाच आला. पाड्यात रेंज नाही, म्हणून टेकडीवर गेले. मेसेज 'शुभ रविवार' असा होता. जाऊन येऊन ४७ मिनिटं.
परत आले तर दोघी वालाच्या शेंगा सोलत होत्या आणि हसत होत्या. मला बघून हसायच्या थांबल्या. काय बोलत होतात, विचारलं. आई म्हणाली, "काय नाय गं. जुनं."
सत्र वाया गेलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार. संध्या. ८.१५
वाया गेलं नाही!
कालचं रेकॉर्डिंग ॲपला दिलं आणि रेकॉर्डर रिकामा केला. ॲप बोलण्याचं इंग्रजीत लिखाण करून देतं. त्याने विचारलं, वक्ते किती? २ टाकलं. मुलाखतीत दोनच असतात. वक्ता क्रमांक एक मी, क्रमांक दोन थोको.
मी टेकडीवर असताना क्रमांक दोन सलग अर्धा तास बोलली आहे. निरीक्षक बाजूला झाला की नमुना खुलतो. हा शोध स्वतंत्र निबंधाच्या योग्यतेचा आहे.
सारांश: तिचा नवरा तिच्या बापाच्या घरी राहायला आला. त्याच्या घरी बैल नव्हते. पाच वर्षं सासऱ्याचा नांगर धरला, तेव्हा बायको दिली. लग्नाचा विधी त्यानंतर झाला. तोवर त्यांना मुलगी झालेली, ती तीन वर्षांची!
आणि या बाईने मला 'चर्च आणि केक' सांगितलं.
गणित करून पाहिलं. तिचं वय २२. लग्न इथे येण्याआधी, तीन वर्षांपूर्वी धरलं. म्हणजे मुलगी आज सहा वर्षांची, संसार चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू. भयंकर आहे, पण आकडे जुळतात.
शेवटी म्हणते, तो आता माझ्यासोबत नाही. म्हणजे सोडून गेला. दुसऱ्याच्या दारात राहणाऱ्या पुरुषाकडून वेगळी अपेक्षा नव्हती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
अहवाल दिला. ४१ पानं, ९ तक्ते. धनेशचा दीड पान, त्यावर तेलाचा डाग. डाग कसला विचारलं तर म्हणाला, "पुरावा."
माझा भाग चौथा सर्वांत सरस उतरला आहे. त्यातला एक परिच्छेद स्वतःसाठी इथे उतरवते:
'विवाहविधीच्या वेळी जोडप्याचं स्वतःचं अपत्य उपस्थित असतं. प्रस्तुत अपत्य वाजंत्र्यांना घाबरून मांडवभर रडलं, पाटावर वधूवरांच्या मधोमध जाऊन बसलं आणि उठवलं तरी उठलं नाही. शेवटी वराने त्याला मांडीवर घेऊन विधी उरकला. विद्यार्थिनीच्या म्हणण्यानुसार मुलगी हुशार आहे, परंतु आईजवळ बसत नाही. बापाविना वाढलेल्या अपत्याचं हे लक्षण होय. अशा वातावरणातून येणाऱ्या कर्मचाऱ्याकडून अचूक कामाची अपेक्षा करताना सावधगिरी बाळगावी.'
वाक्यरचना घट्ट आहे.
पासपोर्टसाठी फोटो काढून आले.

२ डिसेंबर, मंगळवार. दु. ४.४०
थोको सह्या करायला कंपनीत आली. निर्मला मॅडमच्या केबिनमध्ये बसून सगळी पानं वाचली. छत्तीस पानांवर सही केली. भाग चौथा, पाच पानं, टेबलावर वेगळी ठेवली. मला बोलावणं आलं.
थोको म्हणाली, मला नवरा नाही. मुलगी नाही. माझे वडील बँकेत आहेत. आईवडिलांचं लग्न चर्चमध्ये झालं, केक तीन मजली होता. तिने फोनवर फोटो दाखवला. केक खरोखर तीन मजली आहे.
मग हे कोणाचं, मी विचारलं.
"तुझ्या आईचं," ती म्हणाली. "मी फक्त 'हां मावशी, फिर?' म्हणत होते. तू घरात नव्हतीस."
एक दुरुस्तीही सुचवली. तो सोडून गेला असं मावशी म्हणाल्या नाहीत. वारला म्हणाल्या. ती हे मॅडमकडे बघून म्हणाली, माझ्याकडे नाही.
मॅडमनी अपत्याचा परिच्छेद मोठ्याने वाचला. 'सावधगिरी बाळगावी' इथपर्यंत. मग चष्मा काढून विचारलं, "ही मुलगी कोण गं?"
पडताळून सांगते, असं उत्तर दिलं.
लॅबमध्ये परत आले. चौदा गेज तपासले. चौदाही बरोबर होते. त्यातला एक गेज दोनदा तपासला.

३ डिसेंबर, बुधवार
शांतपणे विचार करता चूक ॲपची आहे. तीन आवाज असताना त्याने दोन मान्यच का केले? ॲपच्या कंपनीला तक्रार पाठवली. बावीस मिनिटांत उत्तर आलं: वक्त्यांची संख्या वापरकर्त्याने निवडली आहे.
मूळ आवाज मागितला. लिखाण झालं की आवाज पुसून टाकायचा, हे सेटिंगही वापरकर्त्याने निवडलं आहे.
लिखाण पुन्हा वाचलं. क्रमांक दोनचं एक वाक्य मी अहवालात घेतलं नव्हतं, असंबद्ध वाटलं म्हणून. 'तो म्हणायचा, पोर मधे बसली तर बसू द्या, लग्न तिचंही आहे.'

५ डिसेंबर, शुक्रवार
नोटीस लागली. धनेश.
मॅडम म्हणाल्या, तुझ्या कामात खोट नाही. गेज तुझ्याइतके कोणी तपासत नाही, म्हणून तू इथेच हवीस. मी म्हटलं, समजलं.
धनेशने लॅबमध्ये पेढे वाटले. मला दोन दिले. "सायंटिस्ट, माझे परत आलेले गेज तूच सांभाळ," म्हणाला. मी दोन्ही पेढे खाल्ले.
खरं तर मलावीला जाणं तांत्रिकदृष्ट्या मागे नेणारंच ठरलं असतं. तिकडचं हवामानही दमट असणार. नक्की माहीत नाही.

७ डिसेंबर, रविवार. संध्या. ५.३०
घरी जाऊन आले. अहवाल दुरुस्त करायचा आहे, एवढंच कारण. तो आता कोणी मागितलेला नाही, पण चुकीची नोंद ठेवणं मला जमत नाही. प्रश्न बाराच काढले.
आई खळ्यावर भात झोडत होती. दिपक पेंढ्या आणून देत होता. मी कडेला बसले आणि पहिला प्रश्न विचारला. बाबा इथे राहायला आले तेव्हा त्यांचं वय काय होतं?
आईने हात थांबवला नाही. "आज कुठून आठवलं तुला?"
सहज, म्हटलं.
"सहज इचारायला कागुद लागतो?"
कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. प्रश्न दुसरा तोंडी विचारला. बाबांना सासऱ्याच्या घरी राहण्याचं वाईट वाटायचं का? यावर दिपक मध्येच म्हणाला, "ताई, जरा उठ, तू पेंढीवर बसलीस." उठले.
आई म्हणाली, "ते सगळं त्या पोरीला सांगितलंय गं. पहिल्यापासून सांगितलंय. आता परत कुठून सुरू करू? भात पडलाय अजून. ठकूलाच इचार."
चार वाजेपर्यंत पेंढ्या उचलल्या. हाताला भाताची कूस लागली आहे, खाजते.
परतीच्या जीपमधून थोकोला मेसेज केला. एक मुलाखत हवी आहे, तुझ्या सोयीने. विषय: माझे आईवडील.
उत्तर तलासरीच्या नाक्यावर आलं. परीक्षा आहे. वीस जानेवारीनंतर बघू.
काही घाई नाही, असं मी कळवलं. ते खरं नाही.