तेविसावी ओळ

मालवण,
शनिवार

प्रिय संचिता,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? तुझ्याच जर्नलवरून उतरवून घेणारीचं आहे. हातात फोन असताना ही बया पत्र कशाला लिहिते, असं वाटेल तुला. ते सांगतेच, पण आधी कालची बातमी ऐक, नाहीतर माझं पोट फुटेल. काल आपल्या कॉलेजात मूल्यांकनाची समिती येऊन गेली आणि मी त्यांच्यासमोर बोलले! हजेरीला 'येस सर' म्हणतानासुद्धा जिचा आवाज बसायचा, ती मी!

पदवीनंतर मी इथेच गुणवत्ता कक्षात लागले. कक्ष म्हणजे आपली ती खेळाच्या सामानाची खोली, अजून कॅरमच्या पावडरचा वास येतो. सारिका मॅडम, मी आणि मनात आलं तर चालणारा एक प्रिंटर, एवढाच आमचा संसार. बाबा मात्र बंदरावर सांगत सुटलेत, 'माझा चेडू कॉलेज तपासता.' ज्यांचे मुलगे कॉलेजात आहेत ते होडीवरचे लोक म्हणतात, 'शंकरा, मगे आमच्या झिलाक पास करूक सांग तेका!' घरातली पहिली पदवी गो, त्यांचं तरी काय चुकलं.

काम असं होतं. मागच्या खेपेला समितीने काही सूचना केल्या होत्या. प्रत्येक सूचनेसमोर आपण काय केलं आणि त्याचा पुरावा काय, ते आता लिहून द्यायचं. मग दोन माणसं येऊन ते खरं आहे का बघणार. पुरावा म्हणजे फोटो, तोही खाली ठिकाण छापून येणारा. नवा रॅम्प दाखवायला लॅबच्या दत्तारामदादांना त्यावर उभं केलं, तर मोबाईल दर वेळी ठिकाण दाखवतोय अरबी समुद्र! तिसऱ्यांदा उभं केल्यावर दादा म्हणाले, 'गो बाये, त्या मोबायलाक सांग, मिया दर्यात नाय, हंयसर आसंय.' हसून हसून मॅडमच्या हातचा चहा सांडला.

सातव्या सूचनेपाशी मात्र मी अडले. 'मध्येच शिक्षण सोडणाऱ्या विद्यार्थिनींचा शोध घेऊन उपाय करावेत.' यादीत सदतीस नावं, आणि सगळ्यांसमोर एकच कारण, 'वैयक्तिक'. प्राचार्य म्हणाले, 'समुपदेशन केले, असं लिहा.' माझ्याकडून ते टाईप होईना. कोणाचं केलं होतं आपण समुपदेशन? मी मॅडमना म्हटलं, मी प्रत्येकीला फोन करते. त्या म्हणाल्या, 'कर, पण बाकीचे कागद वेळेत हवेत हं.'

तीन आठवडे फोन करत होते. आंबोलीच्या रियाने कणसं भाजता भाजता बोलून घेतलं, मागे गिऱ्हाईक ओरडत होतं. नांदगावची तन्वी आधी म्हणाली, 'राँग नंबर', आणि दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. बोलता बोलता एक गोष्ट सारखी पुढे यायला लागली. आपलं प्रॅक्टिकल तीन ते सहा आणि कसालची शेवटची गाडी सव्वापाचला. मी एसटीचं वेळापत्रक आणि कॉलेजचं वेळापत्रक एकाच कागदावर शेजारी शेजारी चिकटवलं आणि खाली चौदा नावं लिहिली. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाले, 'इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलं कसं नाही?' दारातून दत्तारामदादा म्हणाले, 'मिया दर वर्सा सांगतंय, सर. माका इचारता कोण!' पुढच्याच आठवड्यात गुरुवारचं प्रॅक्टिकल सकाळी आलं. खरंच आलं, संचिता! लॅब एकच असल्यामुळे मंगळवारचं तेवढं अजून संध्याकाळीच आहे.

आता काल. समितीतले सर गृहस्थ माणूस, सोलकढीचे तीन पेले घेऊन खूश. बरोबरच्या मॅडम मात्र नागपूरकडच्या, बोट ठेवून एकेक ओळ वाचणाऱ्या. सातव्या सूचनेपाशी त्या खूप वेळ थांबल्या. मग विचारलं, 'ही चौकशी कोणी केली?' सारिका मॅडमनी मला पुढे ढकललं. मी सगळं सांगितलं, गाडी, लॅब, चौदा नावं, आणि आवाज एकदाही बसला नाही. त्या म्हणाल्या, 'चांगलं काम आहे.' मी हवेत! आणि तेवढ्यात त्यांचं बोट यादीवर थांबलं. 'छत्तीस जणींची कारणं आहेत. तेविसावी ओळ रिकामी का?'

संचिता, तेविसावं नाव तुझं आहे.

तुझा नंबर माझ्याकडे आहे. कसालच्या मेडिकलमध्ये असतेस, तेही ठाऊक आहे. दोनदा गाडीतून तुला काउंटरवर बघितलं. पण तुला फोन करून कारण विचारायचं कुठल्या तोंडाने? आठवतं, टायट्रेशनला गुलाबी रंग यायच्या आत तू ब्युरेट सोडून पिशवी उचलायचीस, आणि ॲप्रन अंगात तसाच घेऊन स्टँडवर धावायचीस. एका मंगळवारी धावायच्या आधी तू मला विचारलंस, 'प्रॅक्टिकलच्या दिवशी तुमच्याकडे ऱ्हवलंय तर चालात?' मी म्हटलं, 'आवशीक इचारतंय.' मी आईला विचारलंच नाही गो. आमची एकच खोली, अंगणात सुकत घातलेले बांगडे, मागे गळकी मोरी. कॉलेजात कोणाला ते कळू नये असं मला तेव्हा वाटायचं. तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस, आणि दिवाळीनंतर आलीच नाहीस.

त्या नागपूरच्या मॅडमना मी एवढंच म्हणाले, 'हिचं कारण मला माहीत आहे. तिला मी पत्र लिहिणार आहे.' त्यांनी ओळीवरचं बोट उचललं आणि त्या म्हणाल्या, 'मग लिहा. आणि काय उत्तर येतं ते मलाही कळवा.'

सोबत पुनःप्रवेशाचा अर्ज आहे. मी सगळा भरलाय, फक्त तुझी सही राहिलीये. तुझं पहिलं वर्ष धरलं जाईल, हे सारिका मॅडमनी विद्यापीठात विचारून घेतलंय. तीस तारखेपर्यंत द्यायचाय. तुला यायचं नसेल तर तसं लिही, रागाने लिहिलंस तरी चालेल, पण ती ओळ माझ्या अंदाजाने भरायला लावू नकोस. आणि मुख्य म्हणजे, काल घरी आल्याबरोबर मी आईला विचारलं. मंगळवारी एक मैत्रीण राहायला आली तर चालेल का, आणि हे तिने तीन वर्षांपूर्वीच विचारलं होतं, पण घरात एकच खाट म्हणून मी बोलले नाही, हेही सांगितलं. आई मासे साफ करत होती. सुरी तशीच हातात धरून म्हणाली, 'तीन वर्सां? आणि माका आता सांगतंस? खाट कित्याक होयी तेका, माझ्या कुशीक निजला असता.' मग परत मासे साफ करायला लागली, आणि थोड्या वेळाने मान वर न करता विचारलं, 'तेका बांगडो आवाडता मां?'

हे विचारायला लिहिलं. कळव.

तीन वर्षं उशिरा, पण तुझीच,
अपेक्षा