होळीत जळालेलं बोलणं

बाभूळवाडी,
२ मार्च १९७३

तीर्थरूप आबादादास,
गहिनीनाथचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. बाकी गुरं छावणीत आहेत, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला आहेत आणि माझी गिरणी दिवसातून तासभर चालते. दळायला येतो तो मिलो, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. त्याचा वास असा की गिरणीचा पट्टासुद्धा नाखुशीने फिरतो. बनुकाकी मात्र ठणठणीत. तू दुष्काळ समितीचा सभापती झाल्यापासून ती बायकांना सांगते की यंदाचा पाऊस माझ्या लेकाच्या सहीनेच सुटणार. लवकर सही कर.

पत्राचं कारण होळी. यंदा करावी की नाही यावर चावडीत बरीच काथ्याकूट झाली. लाकूड नाही, गुरं नाहीत म्हणून शेण नाही. शेवटी घरटी एक गोवरी ठरली. पहिली गोवरी आणून ठेवली ती गनीभाईने, आपल्या हातोड्यांना दांडे बसवतो तोच. म्हणाला, वर्षातून एक दिवस खरं बोलायला मिळतं, ते का बुडवता.

तीन शिमगे तू नगरातच काढलेस. मोठ्या माणसांना गावचे नियम आठवत नाहीत म्हणून सांगतो. होळी पेटली की ज्याला बोलायचंय त्याने चावडीपुढच्या धोंड्यावर चढावं आणि ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याचं नाव घेऊन बोलावं, मग तो पाटील असो की जावई. ज्याचं नाव निघेल त्याने हसत पुढे यावं आणि आपल्या हाताने एक गोवरी आगीत टाकावी. गोवरी पडली की बोलणं जळालं. त्याचा राग नाही, चर्चा नाही, आठवणसुद्धा नाही. यंदा धोंड्यावर मीच आहे. तू नक्की ये. तुझ्यावाचून माझ्या बोलण्याला मीठ कुठलं?

वहिनींस नमस्कार, पोरांस आशीर्वाद. भावावरची माया दुष्काळात आटू देऊ नये.

तुझा,
गहिनीनाथ


अहमदनगर,
९ मार्च १९७३

चि. गहिनीनाथ यास,
आबाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. वाचून इतका हसलो की शेजारच्या खोलीतून कारकून पाहायला आला. नियम विसरलो म्हणतोस? अरे, बेचाळीस साली सतराव्या वर्षी त्याच धोंड्यावरून मी गोऱ्या कलेक्टराची टोपी उडवली होती. आजही भाषणाला उभा राहिलो की ती गोष्ट सांगतो, आणि टाळी हमखास पडते. माझं सगळं राजकारण त्या धोंड्यावरून सुरू झालं.

येतो. मुद्दाम येतो. आणि हे बघ, मला सोडू नकोस. भावाला वाचवलं असं गावाने म्हणता कामा नये. जे म्हणायचं ते तोंडावर म्हण. गोवरी मी टाकीन. फक्त फार वरच्या लोकांची नावं नकोत. ते गावचे नाहीत, त्यांना आपली रीत ठाऊक नाही.

तुझी वहिनी पोरांना घेऊन देवळाली प्रवऱ्याला माहेरी गेली आहे. तिकडे कालव्याला पाणी आहे, ऊस उभा आहे. सासुरवाडीला गेलं की दुष्काळ ही अफवा वाटते.

आईला सांग, येतो. तिच्या हातचं काहीही चालेल, मिलोची भाकरीसुद्धा. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझा,
आबा


बाभूळवाडी,
२ एप्रिल १९७३

तीर्थरूप आबादादास,
सा. न. वि. वि.

तू होळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेलास आणि गंमत चुकवलीस. आता ती गंमत राहिलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

धोंड्यावरून मी काय बोललो ते तू ऐकलंसच. एक तुझ्यावरचं होतं: गावाने खडी फोडली, रस्ता झाला, तो कुठे जातो म्हणून साळूबाई चालत गेली तर सभापतींच्या विहिरीवर पोचली. दुसरं सुकडीचं: कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीच्या पोत्याला मुंगी लागत नाही, कारण मुंगीला वाळू पचत नाही. तू सगळ्यांत मोठ्याने हसलास. डोळे पुसत पुढे आलास आणि गोवरी टाकलीस. गाव खूश झालं. काकी तर घरी जाईपर्यंत सांगत होती की असा पुढारी पाहिला नाही.

सकाळी साळूबाईने खडीवर जाताना चाळण नेली. सुकडी चाळली. वाळू निघाली. तिने हातोडा खाली ठेवला, बाकीच्या बायकांनीही ठेवला आणि सगळ्या जणी रस्त्यावर बसल्या. तिसऱ्या दिवशी फौजदार आला. जमावबंदी मोडून प्रक्षोभक भाषण केलं म्हणून माझ्यावर खटला. कायदा कुठला, तर लढाईसाठी केलेला. लढाई पंधरवड्यात जिंकली, सवा वर्ष झालं, पण कायदा अजून आघाडीवरून परतलेला नाही. शत्रू सापडेना म्हणून त्याला आमच्या गावी पाठवला असेल.

फौजदार चावडीत जबाब घेत बसला. गनीभाईने सांगितलं की गहिनीनाथ धोंड्यावर दिसला, तोंडही हलत होतं, पण साहेब, बोलणं जळालं. साळूबाईला विचारलं, सुकडीत वाळू आहे हे कुणी सांगितलं. ती म्हणाली, दातांनी. पोलीस पाटील गोरक्षनाथ तर सरकारचा माणूस, माझ्यापासून चार हातांवर उभा होता. त्याने शपथेवर सांगितलं की शिमगा ते रंगपंचमी त्याच्या कानाला दडा बसतो, दरवर्षीचंच आहे. अख्ख्या गावात एकालाही काही आठवत नाही. माणसांचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

वकील म्हणतात, ऐकलं म्हणणारा साक्षीदार नसेल तर खटला उभा राहत नाही. मिळाला तर तुरुंग आहे. तू फौजदाराशी एक शब्द बोललास तर प्रकरण आजच मिटेल. आमची रीत त्याला समजावून सांग. तुझं तो ऐकेल.

तुझी भावजय छबू काळजी करते, पण मला तसं दाखवत नाही. तुझ्या शब्दाची वाट पाहतो.

तुझा,
गहिनीनाथ


अहमदनगर,
१६ एप्रिल १९७३

चि. गहिनीनाथ यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

उत्तराला उशीर झाला. दौरे फार आहेत, रागावू नकोस. रात्री पाठ टेकली की तुझाच विचार येतो.

तू लिहितोस ते सगळं खरं. पण तुला इथलं वारं कळत नाही. काम बंद पडल्याची बातमी मुंबईपर्यंत गेली. माझ्याच पक्षातले दोघे वर जाऊन सांगून आले की सभापतींचा भाऊ बायकांना चिथावतो आणि सभापती टाळ्या वाजवतात. मला बोलावून विचारलं, तुम्ही तिथे होता का. होतो म्हणालो. नाही कसं म्हणणार?

बोलायला मनाई नाही, गहिनीनाथ. आपलंच राज्य आहे. पण इंग्रज होता तेव्हाचं बोलणं वेगळं आणि आताचं वेगळं. तेव्हा सरकार परकं होतं. आता सरकारला बोलतोस म्हणजे मलाच बोलतोस. तक्रार असेल तर अर्ज कर, समिती आहे, मी स्वतः वाचीन. धोंड्यावर चढून काय साधतं? देश अडचणीत असताना घरातल्या माणसाने तरी सांभाळून घ्यावं.

माझं ऐक, दोन ओळींची माफी लिहून दे. मसुदा मी पाठवतो, तू फक्त सही कर. तसं केलंस तर पुढचं काही घडणार नाही. मला जबाबाला बोलावलं आहे, आणि शपथेवर विचारलं तर माणसाला खरं सांगावं लागतं. तुझ्या भल्याचंच सांगतो.

आईच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवलं आहे. गैरसमज करून घेऊ नकोस, माया कमी झालेली नाही.

तुझा,
आबा


बाभूळवाडी,
१९ जून १९७३

चि. आबा यास,
आईचा आशीर्वाद.

गहिनीनाथला न सांगता हे पत्र लिहून घेतीया. गनीभाईची सून मुमताज लिहिती हाय. मी बोलते तसंच लिही म्हनून सांगितलंय तिला, सुधारू नको म्हनलं.

तू कोर्टात साक्ष देनार असं कळलं. म्या म्हनलं, न्हाई, माझा आबा तसा न्हाई. गहिनीनाथ माझ्याकडं न बघता उठून गिरनीत गेला. तवा मला कळलं.

आबा, तू गोवरी टाकलीस ती म्या थापलेली हुती. छावनीत जाऊन शेन आनलं हुतं. ती चुलीत घातली असती तर दोन वक्ताच्या भाकरी झाल्या असत्या. तुझ्या हातात दिली, कारन तुझं नाव निगालं हुतं. तू हसलास, टाकलीस. आता म्हनं तुला सगळं ध्यानात हाय.

त्याची माय मेली तवा त्यो दीड वर्साचा हुता. तुमी दोघं एका ताटात जेवलात. मला कायदा कळत न्हाई. तू आजारी पड. ताप आला म्हन. लई लोक म्हनत्यात. कोर्टात जाऊ नको.

तेल पोचलं. लावलं न्हाई.

तुझी आई,
बनुबाई


बाभूळवाडी,
२८ सप्टेंबर १९७३

श्री. आबासाहेब यांस,
स. न. वि. वि.

महिनाभराची साधी कैद भोगून मी परवा घरी आलो. छबूने गिरणी बंद पडू दिली नाही. पाऊस चांगला झाला आहे, ज्वारी उभी आहे. सरकारी कामावर आता कोणी नाही, तेव्हा चिथावण्यासारखंही कोणी उरलेलं नाही.

कोर्टात आपली भेट झाली, पण बोलणं झालं नाही. आपण घाईत होता, गाडी चालू ठेवली होती. म्हणून जे तिथे सांगायचं राहिलं ते लिहितो.

साक्ष उत्तम झाली. रस्ता, विहीर, सुकडी, मुंगी, सगळं आपण क्रमाने सांगितलंत. मी कुठे थांबलो, कुठे हशा पिकला, तेही. मुंगीपाशी आपण माझ्यासारखाच आवाज बारीक केलात आणि कोर्टातला बेलीफसुद्धा हसला. मी एवढं चांगलं बोललो होतो हे मला तेव्हा कळलं. माझ्या वकिलांनी विचारलं, एवढ्या गावातून एकालाही आठवत नाही, मग आपल्यालाच कसं आठवतं. आपण म्हणालात, "घरचंच बोलणं आहे, विसरेन कसा?"

आबासाहेब, शिक्षा मला त्या वाक्याने झाली. न्यायाधीशांनी नंतर फक्त महिना सांगितला.

बेचाळीस सालची ती गोष्ट आपण भाषणात अर्धीच सांगता, उरलेली मी सांगतो. आपण धोंड्यावरून खाली उतरलात तेव्हा पोलीस पाटील समोर होता, या गोरक्षनाथचा बाप. इंग्रजाचा पगार खाणारा, इंग्रजाचा बिल्ला लावणारा. कलेक्टर गावचा नव्हता म्हणून त्याच्या वतीने गोवरी त्याने टाकली. आठवड्याने गोरा साहेब चौकशीला आला तेव्हा पाटील म्हणाला, हुजूर, होळीचं बोलणं होतं, जळालं. त्याची नोकरी गेली. आपण मोकळे राहिलात, पुढारी झालात, सभापती झालात. परक्या राज्यात आपल्याला विसरणारा माणूस होता. आपल्या राज्यात मला आठवणारा भाऊ मिळाला.

काकी आपली चौकशी करत नाही, म्हणून तिच्या वतीने मी करतो. प्रकृतीस जपावे.

गहिनीनाथ


अहमदनगर,
११ फेब्रुवारी १९७४

चि. गहिनीनाथ यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मनाला लागलं, पण मोठ्या भावाने मनावर घ्यायचं नसतं. तुला कमीत कमी शिक्षा व्हावी म्हणून मी कोणाकोणाला भेटलो ते तुला कधी कळणार नाही, आणि मी सांगणारही नाही.

आता आनंदाची बातमी. आपल्या गावच्या होळीला समितीने मान्यता दिली आहे. मांडव, ध्वनिक्षेपक, रीतसर परवाना, बंदोबस्त. ज्याला बोलायचं त्याने आठ दिवस आधी मजकूर पाठवायचा, तो पाहून मंजुरी मिळेल. रीत राहिली आणि धोकाही गेला. तुझ्यासाठीच हे मी करवून घेतलं. पहिलं नाव तुझं घातलं आहे. तुझ्याशिवाय शोभा नाही. झालं गेलं विसरून जा.

आईला पत्र लिहायला सांग. ममता असू दे.

तुझा,
आबा


बाभूळवाडी,
१२ मार्च १९७४

श्री. आबासाहेब यांस,
स. न. वि. वि.

आपली होळी पार पडली. आपण आला नाहीत, तेव्हा हकीकत कळवणं माझं काम.

मांडव झकास होता. दोन पोलीस होते, त्यांना गावाने आधी जेवू घातलं. मंजूर झालेली तीन भाषणं झाली. एकात अल्पबचतीचं महत्त्व होतं, एकात लहान कुटुंबाचं, तिसऱ्यात पहिल्या दोघांचे आभार होते. कोणाचं नाव निघालं नाही, तेव्हा गोवरी टाकायला कोण पुढे येणार? होळी आपली आपण जळाली.

माझा मजकूर मी पाठवला नव्हता. तरी सगळं आटोपल्यावर लोक चावडीकडे वळले आणि माझ्याकडे पाहू लागले. गनीभाई म्हणाला, "चढ की मिस्तरी, आमाला तसंबी काय आठवत न्हाई."

मी चढलो. बोलायचं तयार होतं. तुरुंगात महिनाभर दुसरं काम नव्हतं, वाक्यं घासून ठेवली होती. तोंड उघडलं आणि माझी नजर खाली उभ्या माणसांवर फिरू लागली. गनीभाई, साळूबाई, गोरक्षनाथ. मी एकेकाचा चेहरा पाहत होतो आणि मनात एकच विचार होता, यांतल्या कोणाच्या लक्षात राहील. फौजदारापुढे माझ्यासाठी शपथेवर खोटं बोललेली ही माणसं, आणि त्यांच्यात मी साक्षीदार शोधत होतो. साळूबाईपाशी माझी नजर जरा जास्त रेंगाळली. तिला ते कळलं. तिने पदर पुढे ओढला आणि मान फिरवली.

मी म्हणालो, यंदाही पाऊस बरा पडो, आणि उतरलो.

टाळ्या वाजल्या. पोलिसांनीही वाजवल्या.

काल साळूबाई ज्वारी दळायला आली होती. दरवेळी पीठ घेऊन घटकाभर बसते, काल डबा उचलून निघून गेली. मी हाक मारली नाही. काय सांगून मारणार होतो?

तेव्हा आपण वर खुशाल कळवावं की बाभूळवाडीत पूर्ण शांतता आहे. परवाना, बंदोबस्त, मंजुरी, पुढच्या वर्षी एवढा खर्चही करू नये. गरज पडणार नाही.

लोभ आता आटोपता घ्यावा ही विनंती.

गहिनीनाथ