बँजोची उरलेली अर्धी चीज

दहिसर, रविवार

तीर्थस्वरूप अनंतकाकांना साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? भजनाला मांडी घालून बसता येतं का, की अजून खुर्चीच? काकूंनी पाठवलेली कोकमं पोचली. (फोनच केला असता, पण तो काकू उचलतात आणि माझं सांगायचं राहूनच जातं.)

मी बँजो शिकतोय हे तुम्हाला ठाऊक आहे. (मिरवणुकीतला बटणांचा नव्हे, डफाला लांब दांडी लावून तारा ताणल्यासारखा दिसतो, तो.) त्यावर एकट्याने वाजवायची एक अवघड चीज मी वर्षभर घोटली. अंगठ्याने ठेका सांभाळायचा, उरलेल्या बोटांनी सूर चालवायचे. मध्यावर सगळं थांबतं. हात उचलून जरा वेळ गप्प बसायचं आणि मग खरी कसोटी, कारण पुढचा भाग दुप्पट वेगात आहे. माझं वर्ष गेलं ते त्या पुढच्या भागात.

सोसायटीच्या सत्यनारायणाला ती वाजवायला मिळाली. माझ्यानंतर आपलं भजनी मंडळ होतं, त्यामुळे धर्मा पखवाज घेऊन आधीच शेजारी येऊन बसलेला. पहिला अर्धा भाग झकास गेला. प्रेमावहिनींनी (त्या प्रसादाच्या पातेल्यापाशी होत्या) मानसुद्धा डोलावली. मग मी हात उचलला आणि थांबलो. आता बुवाचा दम तुटला की कोरसाने लगेच उचलायचं, ही शिस्त मंडळाला तुम्हीच लावलेली. धर्मा ओरडला, "सहदेव अडाकलो! उचला रे!" पखवाजावर थाप पडली, झांजा सुरू झाल्या, सगळ्या मंडळाने गजर धरला. मी हातवारे करून थांबा म्हणत होतो. त्यांना वाटलं, आणखी चढवा म्हणतोय. लोक उठून नाचले. शेवटी धर्माने माझी पाठ थोपटली, "आमी असताना तुझी लाज जातली काय रे?" ती जागा मुद्दामच रिकामी होती, असं मी त्याला नीट समजावलं. तो म्हणाला, "अडाकल्यावर सगळे असाच सांगतत."

पुढचा अर्धा भाग अजून कुणीच ऐकलेला नाही.

काकूंना नमस्कार.

आपला,
सहदेव

ता. क. : पुढच्या महिन्यात गोरेगावच्या एका हॉलमध्ये मला पुन्हा वाजवायचंय. मंडळ ऐकायला येणारच. धर्मा फक्त तुमचं ऐकतो. त्याला फोन करून बजावा, पखवाज घरी ठेव आणि काही झालं तरी उचलू नकोस.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात गोरेगावहून फोन आला. त्यांनी आमच्या सत्यनारायणाचा व्हिडिओ पाहिला आणि माझ्याऐवजी मंडळालाच बोलावलंय. तेव्हा वरचं सोडून द्या. मलाही सोबत घ्यायला धर्माला सांगा. मधे थांबणार नाही, असं माझ्या वतीने कबूल करून टाका.