आम्ही म्हणजे कोण?

दि. ४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं शिवणयंत्र आणि तुझी जीभ, दोन्ही जोरात चालू असतील. तू मागच्या फोनवर विचारलंस की मी हल्ली नेमकं करते काय. बाबा तर मी चित्रकार आहे असंच सगळ्यांना सांगत सुटतात. अगं, खोक्यातून सुटी येणारी कपाटं कशी जोडायची, त्याची चित्रं मी काढते. कुठली फळी कुठे, कुठला स्क्रू कशात, एकही शब्द न लिहिता. चित्रातला माणूस टकला आहे, कारण केस काढत बसायला वेळ कुणाला आहे? पहिल्या पानावर नेहमीचं ठरलेलं: एकटा टकलू, तोंड पाडलेला, त्याच्यावर फुली, शेजारी दोन टकलू, हसरे. म्हणजे हे काम एकट्याने करू नका.

माझ्याबरोबर राहणारी बारकी (नावालाच बारकी, दारातून वाकून येते) माझ्या चित्रांवरून खरोखरचं कपाट जोडून बघते. ती अडली की मी चित्र बदलते. त्यामुळे घरात बसायला जागा नाही, पण कपाटं चिक्कार आहेत.

आता एका मोठ्या फर्निचरवाल्यांनी वर्षभराचं काम देऊ केलंय. पण त्यांना सुटी बाई नको, नोंदणी केलेला धंदा हवा, तोही महिनाअखेरपर्यंत. एकटीच्या नावावर करू, भागीदारी करू की मी सरळ कंपनी काढू? आमच्या चित्रापायी कुणाच्या डोक्यात फळी पडली, तर बाबांनी माझ्या नावावर केलेलं हे घर जाईल का, या विचाराने माझी झोप उडाली आहे. नाटकांचे कपडे शिवून तू इतकी वर्षं एकटीने धंदा केलास, तूच सांग. आम्ही उत्तराची वाट बघतोय.

लोभ आहेच, रागवायचा हक्कही राखून ठेव.
तुझी,
गुंडी


दि. ९ मार्च

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

टकलूला केस काढ आधी, आळशी कुठली.

आता ऐक. एकटीच्या नावावर म्हणजे तू आणि धंदा एकच. कागद कमी, कटकट कमी. पण राजाचा अंगरखा भर प्रयोगात उसवला की निर्माता थेट माझी मानगूट धरतो, आणि भांडण वाढलं तर माझं जे काही आहे ते सगळं त्यात जाऊ शकतं. माझ्याकडे आहे काय, एक मशीन आणि गुडघेदुखी, म्हणून मी निर्धास्त. तुझ्याकडे घर आहे. भागीदारीत एकीने घोळ घातला की दुसरीही अडकते. मर्यादित जबाबदारीची कंपनी काढलीस तर धंदा हा कायद्याला वेगळा माणूस वाटतो, त्याचं देणं त्याचं. घर सहसा वाचतं, फक्त कुठे स्वतः जामीन राहू नकोस. मात्र दरवर्षी हिशेब दाखव, सह्या कर, फी भर, हे मागे लागतं. माझं मत कंपनीला. तरी वकिलाला विचार, मी शिंपीण आहे.

एक मात्र कळलं नाही. कंपनी काढायची ती 'मी', आणि चित्र 'आमचं', वाट बघतोय 'आम्ही'. आम्ही म्हणजे कोण गं?

जेवणखाण वेळेवर कर आणि माझी आठवण ठेव.
आत्या


दि. १५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न नेमका फर्निचरवाल्यांच्या वकीलबाईंनीही विचारला आणि मी घाण करून ठेवली.

मी त्यांना पहिल्यापासून 'आम्ही' असंच लिहीत आले. आम्ही चित्रं पाठवतो, आम्ही तपासून घेतलं. बाईंनी फोन केला, माझे हात शाईने बरबटलेले, म्हणून फोन स्पीकरवर. त्या म्हणाल्या की दोघी मिळून असा धंदा करत असतील, तर कागद नसला तरी ती भागीदारी ठरू शकते, तेव्हा आम्ही म्हणजे कोण ते स्पष्ट सांगा. मला घर हातचं जाताना दिसायला लागलं. मी हसून सांगितलं की छे, आम्ही म्हणजे मीच, आपलं उगाच भारदस्त वाटावं म्हणून.

बारकी तेव्हा अर्धी कपाटात होती, ओठांत स्क्रू धरून. तिने फळी बसवली, बाहेर आली आणि मला म्हणाली की तुमचं कपाट झालं. तुमचं! तेव्हापासून अहोजाहो चालू आहे. काल तर मलाच 'बाईंना चहा चालेल का' असं विचारलं. भांडली असती तरी परवडलं असतं. माफी मागितली, तर त्यात काय एवढं म्हणून पुढची फळी उचलली. आणि फोनवर भाड्याच्या खोल्या बघत असते.

कपाट जोडणारी दुसरी मिळेल गं, पण हे चित्र मूर्खासारखं आहे असं तोंडावर सांगणारी कुठून आणू? मला ती जायला नको आहे. कंपनीचा अर्ज एकटीच्या नावाने भरून तयार आहे. पाठवायला हात धजत नाही.

तुझ्या मायेची फार गरज असलेली,
गुंडी


दि. १९ मार्च

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

माफी कसली मागतेस, प्रश्न विचार. 'आम्ही' हे बाहेरच्यांना सांगायचं असतं. जिच्याशी बोलतोय तिलाच त्यात धरायचं तर 'आपण' म्हणावं लागतं. जगाला तू आम्ही आम्ही करत सुटलीस, तिला एकदा तरी 'आपण' म्हणालीस का?

कंपनीत दोघी मालक असू शकतात. फक्त कुणाचा हिस्सा किती, सही कुणाची, उद्या एकीला निघून जायचं झालं तर काय, हे गळ्यात गळे घालायच्या आधी लिहून काढा. ती नाही म्हणाली तर नाही. मग तुझा अर्ज पाठव आणि तिच्या कामाचे नीट पैसे दे. फुकट जोडून घेतेस की काय आजवर?

उत्तर लवकर दे, माझं शिवणात लक्ष नाही.
आत्या


दि. २७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारलं. ती जमिनीवर बसून बॅग भरत होती. मी दारातूनच म्हटलं की आपण काढायची का कंपनी, आपण दोघींनी.

ती उठली, आणि मी काढलेल्या पहिल्या कपाटाचा कागद आणून माझ्यापुढे धरला. एकट्या टकलूवरच्या फुलीवर बोट ठेवलं. म्हणाली की हे तू सगळ्या जगासाठी काढतेस आणि स्वतः वाचत नाहीस, मूर्ख कुठली. आत्या, एकवचनात म्हणाली. मला रडूच आलं.

मग तिने अटी घातल्या. अर्धा अर्धा हिस्सा, दोघींच्या सह्या, आजवरच्या जोडणीचे पैसे आधी, आणि दोन टकलूंपैकी एकाला वेणी. तू सांगितलेलं सगळं लिहून काढलं, वकिलाला दाखवलं, एकटीचा अर्ज फाडला आणि नवा काल पाठवला. घरही सुखरूप, बॅगही रिकामी. फर्निचरवाल्यांना पत्र लिहिलं, त्यात आम्ही बिनधास्त 'आम्ही' लिहिलंय.

आता एकीवर करतेस ती माया दोघींत वाटून दे.
तुझी,
गुंडी

ता. क. आत्या, सा. न. इथून पुढे हिच्या पत्रात 'आम्ही' आलं तर त्यात मी आहे. जोडून बघितलंय, नीट बसतं. – बारकी