जाऊबाईंचं पाणी

३ मार्च

जाऊबाईंच्या हाडांचा रिपोर्ट आला. ठिसूळ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या देते, पण पाणीही पीत जा. पाणी कमी पडलं की चक्कर येते, चक्कर आली की माणूस पडतो. तुमच्या हाडांना पडणं झेपणार नाही." जाऊबाईंनी मान डोलावली. ही मान मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते. तिचा अर्थ 'नाही' असा असतो.

५ मार्च

पाणी नको, कारण बाथरूमला पायऱ्या उतरून जावं लागतं. गुडघे दुखतात म्हणून उतरणं नको, उतरणं नको म्हणून पाणीच नको. कारभार चोख!

संध्याकाळी पुतण्याचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा फोन. "काकू, आई एकदा जरी पडली ना, तर मी तिला इकडे घेऊन येणार." आईला. काकूचं नावही नाही. दोघे भाऊ गेले, घरात उरलो आम्ही दोघी जावा. त्याही गेल्या तर मी भांडायचं कोणाशी? भिंतींशी? भीती वाटते.

७ मार्च

पायऱ्यांना कठडा बसवून घेतला. सुतार म्हणाला, "आजी, हत्ती टेकला तरी हलणार नाही." जाऊबाई म्हणाल्या, "मग हत्तीलाच पाज पाणी."

९ मार्च

दोन ग्लास भरून समोरासमोर बसतो. सकाळी त्यांनी एक घोट घेतला. दुपारी मी डोळे वटारल्यावर आणखी एक. मी आत जाऊन आले तर त्यांचा ग्लास रिकामा — आणि खिडकीतली कुंडी ओली! रोप मात्र छान तरारलंय.

११ मार्च

कडाक्याचं भांडण. "तुम्ही गेलात तर मी एकटी पडेन, कळतंय का!" तोंडातून निघूनच गेलं. त्या म्हणाल्या, "ओरडू नकोस, घसा कोरडा पडेल."

१२ मार्च

अबोला. दोन्ही ग्लास भरलेले तसेच.

१४ मार्च

पडले. जाऊबाई नाही — मी! ओट्याशी उभी होते, डोळ्यांपुढे अंधारी आली. डावं मनगट मोडलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः किती पाणी पिता?" म्हटलं, "जाऊबाई प्यायल्या की पिते." त्यांनी विचारलं, "असं का?"

त्यांना काय सांगणार! थोरलीच्या आधी धाकटीने तोंडाला काही लावायचं नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आता हा नियम पुरे, असं सांगायच्या आधीच सासूबाई वारल्या. माझ्याही हाडांची तपासणी करायची आहे म्हणे.

१५ मार्च

पुतण्याचा फोन जाऊबाईंनीच घेतला. "मी नाही रे, धाकटी पडलीय. तिच्याकडे कोण बघणार? मला नाही जमायचं यायला." फोन ठेवला. दोन ग्लास भरून आणले. आपला घटाघटा संपवला, उपडा करून मला दाखवला.

"हं. आता पी."